तंबोरा : नग दोन

सुविधा पाहायच्या तर विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात. अद्ययावत वाद्यसंच, वातानुकूलित स्टुडिओ, समृद्ध ग्रंथालय, स्वतंत्र रियाज कक्ष. वाचून तानसेनसुद्धा प्रवेशअर्ज भरेल. गॅप सर्टिफिकेट नसल्यामुळे छाननीत बाद होईल, ते निराळे.

माहितीपत्रक हातात धरून विभाग शोधायला निघा. मुख्य इमारतीत तो नसतो. परीक्षा विभागाच्या मागे, सायकल स्टँडच्या वर, झेरॉक्सवाल्याच्या डावीकडे. शिपायाला विचारा. ‘ते गाण्यावाले ना? तिकडं.’ एवढ्या मोठ्या आवारात गणितवाले, इतिहासवाले कुणी नाहीत, ते विभाग आहेत. ‘गाण्यावाले’ मात्र आहेत.

तरी विद्यापीठाला संगीताची कदर नाही असे कोण म्हणेल? दीपप्रज्वलन आले की विभागाची आठवण होते. ईशस्तवन, स्वागतगीत, विद्यापीठगीत, 2023 पासून राज्यगीतही. पाहुण्यांची गाडी टोलनाक्यावर अडकली तर आणखी एक भजन. गाडी फाटकात शिरली की अंतऱ्यावरच थांबायचे.

एम.ए.ला जे शिकवत नाहीत ते हे. कुठल्याही मात्रेवर गाणे सोडून देण्याची तयारी.

नॅकची समिती यायची असली की विभागाचे तर भाग्यच फळफळते. भिंतींना रंग, दाराला तोरण, कपाटावर नवी लेबले. समितीच्या मूल्यांकनात पायाभूत सुविधा आणि अध्ययन साधने असा आख्खा निकषच आहे. त्या निकषाची माहिती संगणक विभाग भरतो. संगीत विभाग स्वागतगीत भरतो.

आता वेळापत्रक. आपल्याकडे राग प्रहर पाहून गातात, हे विद्यापीठच पहिल्या सत्रात शिकवते. प्रश्नपत्रिकेत संधिप्रकाश रागांवर हमखास टीप असते. मारवा, पूरिया, श्री. सूर्य कलताना गायचे राग. सूर्य कलतो त्या वेळी काय होते? विभागाला कुलूप लागते.

मग मारवा कधी शिकायचा? मंगळवारी, सकाळी साडेअकराला, अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात. ललित दुपारी अडीचला, जेवण झाल्यावर. विद्यार्थ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्याला भावसमाधी म्हणायचे. दरबारी आणि मालकंस रात्रीचे, म्हणजे ते वॉचमनच्या वाट्याला आले. रसायनशास्त्राच्या संशोधकाला रात्रभर प्रयोगशाळा उघडी ठेवायची परवानगी मिळते, कारण प्रयोग मध्येच थांबवता येत नाही. गाणाऱ्या पोरीने संध्याकाळी सातपर्यंत खोली मागितली तर कुलसचिवांची लेखी परवानगी, पालकांचे संमतिपत्र आणि शिपायाचा जादा कामाचा भत्ता कोणत्या हेडखाली टाकायचा, यावर बैठक.

बैठक होते. सूर्य थांबत नाही.

बरे, खोली मिळाली समजा. शेजारी सांख्यिकी विभाग. इकडे खर्ज लावला की तिकडून पत्र येते : अध्यापनात व्यत्यय. ध्वनिरोधक भिंतींचा प्रस्ताव गेली कित्येक वर्षे बांधकाम विभागाकडे आहे. तिथून शेरा आला होता, ‘आवाज कमी करून शिकवता येईल का, हे तपासावे.’ वसतिगृहात जावे तर रेक्टर म्हणतात परीक्षा चालू आहेत. गच्चीवर जावे तर टाकीजवळ बंदी. त्याच वसतिगृहाखालून मिरवणुकीचा डीजे खिडक्यांची तावदाने हलवत जातो तेव्हा रेक्टर कुठे असतात?

पुढे. नाचत.

तंबोऱ्याकडे जरा सवडीने वळू, कारण विद्यापीठही सवडीनेच वळते.

मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे तंबोरे बनतात. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, हात मिरजेच्या कारागिरांचा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जगभरचे गवई तिथे येऊन, सूर सांगून, वाद्य बांधून घेतात. आपले विद्यापीठ काय करते? निविदा काढते. ‘तंबोरा, मोठा, उत्तम प्रतीचा, नग दोन.’

पट्टी कुठली, हे निविदेत नसते. विभागात मुली जास्त, त्यांचा सूर काळी चार नाहीतर काळी पाच. त्यांना लहान, जनानी बांधणीचा तंबोरा लागतो. येतो मर्दानी, काळी एकचा. खुंट्या पिळून पिळून तो वर चढवायचा, मग तार तुटते. तक्रार केली तर खरेदी विभाग खरोखर दुखावतो. ‘अहो, त्याच भावात मोठा आणला तुम्हाला!’

तार ही तुम्हा-आम्हाला वाटते तशी क्षुल्लक वस्तू नाही. ती उपभोग्य वस्तू आहे. तिला मागणीपत्र, तीन दरपत्रके, विभागप्रमुखांची शिफारस आणि लेखा विभागाची मान्यता लागते. ज्या बैठकीत ती नामंजूर होते त्या बैठकीच्या चहाचे बिल तारेपेक्षा जास्त असते. ते मंजूर होते.

आणि जवारी? घोडीवर तार जिथे टेकते तो पृष्ठभाग घासून असा काढायचा की तार झणकारत, रुंद होऊन बोलावी. मग खाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. हे काम जाणकार कारागीरच करतो, आणि वाजवून वाजवून ते पुन्हा करावे लागते. लेखा विभागाचा प्रश्न बिनतोड आहे. वस्तू मोडलेली नाही, मग दुरुस्ती कसली?

जवारी गेलेला तंबोरा वाजतो. बोलत नाही. लेखापरीक्षणात बोलण्याचा रकाना नसतो.

शेवटी भोपळ्याला तडा जातो, कारण तंबोरा पश्चिमेच्या खिडकीत उभा आहे. आता तो फेकता येत नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत तो आहे. निर्लेखन समिती बसेपर्यंत तो तसाच राहणार, आणि तो आहे तोवर दुसरा घेता येणार नाही, कारण कागदावर विभागात तंबोरे पुरेसे आहेत. नग दोन.

तोपर्यंत मोबाइल. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला, तो प्रवासातल्या कलाकाराची सोय म्हणून उत्तम. आता तोही खिशातल्या ॲपमध्ये आला. पण खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून ऐकायचा कसा? खर्जच बाहेर पडत नाही, गंधार कुठून पडणार? दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपतो. स्वयंभू गंधारावर दहा गुणांचे उत्तर लिहिता येते. ऐकलेला नसतो.

हार्मोनियम मात्र भरपूर. आकाशवाणीने 1940 ते 1971 या काळात तिला बंदी घातली होती. पेटीचे स्वर ठोकळ, श्रुतींना मारक, असा तेव्हाचा आक्षेप. पेटीचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, हे खरेच. आकाशवाणीची बंदी उठून अर्धशतक झाले. विभागाने तिचे उट्टे असे काढले की आता पेटीशिवाय काहीच धडधाकट उरलेले नाही. त्यातही मधल्या सप्तकातले दोन स्वर दाबले की दाबलेलेच राहतात. रागातला वर्ज्य स्वर कोणता, हे पेटी ठरवते.

तबला साथीदाराचे पद मंजूर आहे. मंजूर आहे म्हणजे रिक्त आहे, हे वाचकाला सांगायला नको. साथीला येतो तो तासिका तत्त्वावर, आणि त्याचे मानधन त्याच्या तिहाईसारखे : येते येते म्हणता लांबते. प्रात्यक्षिक परीक्षेला मग विद्यार्थीच वर्गणी काढून तबलजी आणतात. परीक्षा विद्यापीठाची, शुल्क विद्यापीठाचे, साथ पदरमोडीची. एरवी ॲप आहेच. ॲपचा विलंबित एकताल कधी चुकत नाही, गाणारीसाठी क्षणभर थांबत नाही, समेवर हसून मान डोलवत नाही. कुलगुरूंना अशी शिस्तीची माणसे आवडतात.

मास्तरांचे काय? नेट उत्तीर्ण हवेत. दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास, संगणकावर पर्याय टिचकायचे. तीन तासांत एकदाही ‘सा’ लावावा लागत नाही. पोहण्याची परीक्षा कोरड्यावर, तसेच हे. आता नियमात आकाशवाणीच्या वरच्या श्रेणीच्या कलाकारांसाठी वेगळी वाट ठेवली आहे, हेही खरे. 2022 मध्ये अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोयही केली. गावात घराणेदार गवई आहेत, शिकवायची हौस आहे, दारही उघडे आहे. मग विद्यापीठ त्यांना बोलावते की नाही?

बोलावते. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द.

ग्रंथालयाविषयी वाईट बोलवत नाही. भातखंडे पेशाने वकील. गावोगाव फिरून, उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी बंदिशी जमवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढले. मराठीत काढले. आज मराठी मुलांच्या हातात असते ती हाथरसची हिंदी आवृत्ती, तिचीही झेरॉक्स. मूळ मराठी प्रती ‘दुर्मिळ ग्रंथ’ म्हणून कपाटात. त्या विद्यार्थ्यांना देत नाहीत, कारण खराब होतील. वाळवीला तशी अट नाही.

ध्वनिमुद्रिकांचे तर विचारूच नका. कुणा रसिकाने आयुष्यभर जमवलेल्या तबकड्या आणि टेप मरणापूर्वी विभागाला दिल्या. हस्तांतराचा समारंभ झाला, फोटो छापून आला. तबकडी वाजवायचे यंत्र नाही. टेप वाजवायचे होते, त्याचा पट्टा तुटला. सूची करायची तर ग्रंथपाल म्हणतो हे पुस्तक नाही, विभाग म्हणतो हे वाद्य नाही. गोव्याच्या केरीतून आलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावर चढली, आणि पहिले व्हॉयेजर 2012 मध्ये आंतरतारकीय अवकाशात पोचले. परग्रहावर कुणी असेलच तर केसरबाई ऐकायची सोय तिथे झाली आहे. यंत्र वापरायचे कसे, याची चित्रे काढून दिली आहेत. सुईसुद्धा सोबत आहे.

आमच्या विभागाला सुई मिळेना.

पण स्टुडिओ आहे हो! निधी आला, मार्चअखेर जवळ आली, खर्च दाखवायलाच हवा होता. काचेची खिडकी, भिंतींना फोम, मिक्सर, दोन भारी माइक. उद्घाटनाची फीत कापताना मंत्री म्हणाले, इथून उद्याचे भीमसेन घडतील. तूर्त कुलगुरूंचे नववर्षाचे संदेश घडतात. चालवायला ध्वनितंत्रज्ञ नाही, त्यामुळे किल्ली जनसंपर्क अधिकाऱ्याकडे. एसी चालू असतो, कारण माइकला दमट हवा सोसत नाही. तबल्याची पुडीही दमट हवेत उतरते, पण पुडीला पीआरओ नाही.

निधी नाही, हे रडगाणे आम्हाला पाठ आहे. 1886 साली बडोद्यात सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. ठीक, ते महाराज होते. पण 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुस्करांकडे कुठले संस्थान होते? जलसे केले, देणग्या मागितल्या, स्वरलिपीची पुस्तके स्वतः छापली, वाद्ये दुरुस्त करायचा कारखानाही घातला. मुंबईची इमारत कर्जापायी गमवावी लागली. तरी शिष्य एवढे तयार झाले की त्यांनी देशभर शाळा काढल्या. इमारत गेली, गाणे राहिले. विद्यापीठांनी पलुस्करांची तसबीर लावली आणि उलटा क्रम पत्करला.

आणि अगदीच कुणी काही केले नाही असेही नाही. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात अशोक दा. रानड्यांनी शास्त्रीय संगीताच्या बरोबरीने लोकसंगीत अभ्यासाला आणले. 1987 साली सुरू झालेल्या पुण्याच्या ललित कला केंद्राने ‘गुरुकुल’ नावातच घेतले आणि गुरूकडे जाऊन शिकण्याला अभ्यासक्रमात जागा दिली. म्हणजे हे जमते. जमवणारा माणूस खुर्चीत लागतो, आणि नंतर त्या खुर्चीचा प्रभारी कार्यभार दुसऱ्याच विभागाकडे जायचा नसतो.

बाकी ठिकाणी विद्यार्थी आपली व्यवस्था आपणच करतात. दिवसा विभागात हजेरी, संध्याकाळी खाजगी गुरूकडे शिकवणी. दोन फिया. एका फीत पदवी मिळते, दुसऱ्या फीत गाणे. युवक महोत्सवात पोरगी सुवर्णपदक आणते, तेव्हा फाटकावर फ्लेक्स लागतो. कुलगुरू, प्र-कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, संचालक विद्यार्थी विकास. गुरूचा फोटो कसा असेल? तो आस्थापनेवर नाही.

मग ती एम.ए. होते आणि ना-देय दाखल्याचा कागद घेऊन फिरते. ग्रंथालयाची सही मिळते. जिमखान्याची मिळते, तिथे ती कधी गेलेली नसली तरी. वसतिगृहाची मिळते. विभागाचा लिपिक नोंदवही उघडतो, चष्मा वर करतो आणि सांगतो : तंबोरा क्रमांक दोनची तार तुटलेली दिसते, शेवटचा वापर तुमचा, रक्कम भरा. ती म्हणते, काका, ती तार मीच आणून बसवली होती, पहिली दोन वर्षांपूर्वीच तुटली होती.

लिपिक पुन्हा पान उलटून पाहतो. तिने तार बसवल्याची नोंद नाही. म्हणजे विनापरवानगी शासकीय वस्तूत फेरफार. त्याचा दंड वेगळा.