मोजायचे मोजे

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत लोकरीच्या मोज्यांना गिऱ्हाईक नाही. मार्च लागला की पत्रे तापायला लागतात, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून तिथंच मुक्काम ठोकतो. थंडी म्हणाल तर येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, आगेमागे पंधरा-वीस दिवस काय ती. त्यातही निम्मं गाव चपलेत आणि निम्मं रानात अनवाणी. अशा गावात आमची मामी कित्येक वर्षं लोकरीचे पायमोजे विणते आहे.

बाहेरचा माणूस म्हणतो, "छान छंद आहे हो!" मामी मान हलवते. छंद म्हटलं की आजी चिडते, कारण छंद असायला वेळ असावा लागतो आणि सुनेला वेळ असतो असं एकदा सिद्ध झालं की तो ताबडतोब कामाला लावता येतो. मामीकडं वेळ नाहीच. तिच्याकडं मोजणी आहे.

मोज्याचं गणित असं. एकूण चौसष्ट टाके, चार सुयांवर सोळा-सोळा, आणि पाचवी सुई फिरती. लोकर येते लातूरहून. गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात आणि आपल्या दर सुईवर सोळा टाके, हा योगायोग मामीला फार भावतो. लातूरला गेली की ती गोल फिरून एका ठरलेल्या दुकानात वर्धमानची लोकर घेते. दोन्हीकडं टोक असलेल्या आखूड सुया मात्र तिथं मिळाल्या नाहीत. दुकानदारानं लांब सुयांची जोडी पुढं केली, "स्वेटर विणा की बाई." मामीनं गावी येऊन पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या स्पोक आणल्या, एकसारख्या तोडल्या, न्हाणीतल्या दगडावर टोकं घासून गुळगुळीत केली. सायकलची स्पोक दोन मिलिमीटर जाडीची असते आणि बारीक मोज्याला नेमकी तेवढीच सुई लागते. हे मामीला कुणी सांगितलं नव्हतं. उदगीरच्या शाळेत विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी फक्त सुलट-उलट शिकवलं होतं.

तर मोजणी. घरात माणसं सात, म्हशी दोन, एक गाय, आणि येणाजाणाऱ्याला मोजदाद नाही. दिवसभर "मामी", "आई", "वैनी", "अगं ए" या चार हाका आळीपाळीनं चालू. दळण आलं, नळ आला, मुलाचा डबा, म्हशीची पेंड, मळणीयंत्राच्या गड्यांचा चहा, गॅसची गाडी. ह्यातल्या कुठल्याही कामाला मामीनं आजवर "नाही" म्हटलेलं नाही. ती एवढंच म्हणते, "थांबा, मोजायलेय."

आणि सगळे थांबतात! पोथी वाचणाऱ्याला मध्येच हाक मारतात, जेवणाऱ्याला उठवतात, झोपलेल्याला हलवतात, पण मोजणाऱ्याला कुणी अडवत नाही. शेतकऱ्याचं घर, नोटा मोजताना, पोती मोजताना बोलायचं नसतं हे रक्तात मुरलेलं. मामीनं ते बरोबर हेरलं. बत्तीस टाके मोजायला वास्तविक वीस सेकंद लागतात. मामीला दहा मिनिटंही लागू शकतात. समोर कोण उभं आहे त्यावर आहे.

त्याचा त्रासही होतो. डेअरीवाला दारातून ओरडतो, "किती लिटर?" आतून उत्तर येतं, "सत्तावीस." दोन म्हशी सत्तावीस लिटर देत असत्या तर मामानं सोयाबीन पेरलंच नसतं. एकदा पाहुण्यांनी थोरल्या मुलाचं वय विचारलं तर मामी म्हणाली, "अठ्ठेचाळीस, आता टाच घ्यायची." पाहुणे मुलगी दाखवायला आले होते.

मामाची तऱ्हा वेगळी. विलायतेत १५८९ साली विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र काढलं. त्याची आख्यायिका अशी, की ज्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं ती सदा विणत बसायची, याच्याकडं बघायचीच नाही. तेव्हा पठ्ठ्यानं तिचं कामच संपवून टाकणारं यंत्र केलं. राणी एलिझाबेथनं मात्र त्याला मक्ता दिला नाही, विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून. मामाचं दुखणं तेच, पण मामानं यंत्र काढलं नाही. मामानं लाल दोरा शोधला. मोजा गोल विणतात, त्याला ओळीचा शेवट नसतो. फेरी कुठं सुरू झाली ते कळावं म्हणून मामी एका जागी लाल दोऱ्याचं वेटोळं अडकवते. ते सुईवरून सरकलं की फेरी पुरी. मामा समोर बसतो, मांडीवर हात, नजर लाल दोऱ्यावर. दोरा आला की घाईनं म्हणतो, "सोयाबीन काढावं का ठेवावं?" मामी म्हणते, "ठेवा." दोरा गेला. पुढच्या फेरीला मामा विचारतो, "अन् पीककर्ज?" अशा चार-पाच फेऱ्यांत त्या घराचा वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर होतो. मी विधानसभेचं कामकाज टीव्हीवर पाहिलेलं आहे. तिथं इतकी शिस्त नसते.

२०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर त्याच्या बरंच खाली चालू होतं. "ठेवा" म्हणणारी मामीच होती. त्या दिवाळीत विणलेला डावा मोजा इतका घट्ट झालाय की टाचेच्या वर जातच नाही. त्याच्या जोडीचा उजवा पुढं संक्रांतीत, पाहुणे गेल्यावर, निवांत विणला. तो पायात घातला की आपोआप उतरतो. टाके तेवढेच, लोकर तीच, सुयाही त्याच. मामीच्या ट्रंकेतले मोजे ओळीनं मांडले तर गेल्या कित्येक वर्षांचा पाऊस आणि बाजारभाव बोट घालून वाचता येईल.

जोडीचा दुसरा मोजा हाही एक प्रश्नच. पहिला मोजा उत्साहात होतो. दुसऱ्याच्या वेळी नवीन काहीच नसतं, तेच सगळं पुन्हा. त्यामुळं ट्रंकेत एकटे मोजे बरेच. ते वाया जात नाहीत. एक मामाच्या बॅटरीला घातलाय, एक आजीच्या चष्म्याला. थ्री-फेजची लाईट रात्रीची असते तेव्हा मामा गव्हाला पाणी द्यायला जातो, थंडीनं काकडतो. मामीनं त्याच्यासाठी खास जाड जोडी केली. मामानं ती नेली, बांधावर काढून ठेवली आणि चिखलात अनवाणी उतरला, कारण पाणी देताना मोजे कोण घालतं? सकाळी मोजे कोरडे, मामा ओला.

गावात मामीचे मोजे खऱ्या अर्थानं खपतात ते बाळंतविड्यात. टोपडं, अंगडं, मोजे. बाळाचा मोजा अंगठ्याएवढा, चोवीस टाक्यांत होतो, दुपारच्या झोपेच्या वेळेत एक जोडी. भाचरं बहुतेक एप्रिल-मे मध्ये जन्मतात, त्याला मामीचा इलाज नाही. माझ्या मुलीला बेचाळीस अंशात लोकरीचे मोजे घालून फोटो काढला आणि लगेच उतरवले. फोटोत ती रडते आहे. मामीनं तो देवघराशेजारी लावलाय.

मोठ्यांच्या मोज्याची अडचण चपलेची. मोबाईलवर विणकाम दाखवणाऱ्या बायका बुटाचे मोजे शिकवतात. तो घालून अंगठ्याच्या चपलेत पाय घालून बघा. मामीनं त्यावर अंगठ्याला निराळं खोपटं काढलं. दिसायला विचित्र, पण चप्पल बसते. फक्त त्यामुळं मोज्याला डावा-उजवा आला.

आता तात्या. माझे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. थंडीत त्यांचे पाय बधिर होतात, आणि घरात मोज्यांची ट्रंक भरलेली असताना हा एकच माणूस मोजा घालत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बुडवून गाव झोपलेलं, तेव्हा भूकंप झाला. जुन्या किल्लारीतली घरं दगडमातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाचा मातीचा भार. तात्या बाहेरच्या ओट्यावर होते म्हणून राहिले. घरातली दोन माणसं राहिली नाहीत. तात्या त्यावर बोलत नाहीत. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली, जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. तात्यांच्या वाट्याला ४०० आलं. त्या घरात सगळ्यांनी आत झोपायला कित्येक वर्षं गेली. आधी अंगणातला पत्रा, मग दारातली बाज. आजही तात्यांची खाट दाराला लागून, उशाला बॅटरी, खाली चपला बाहेर तोंड करून. कडी ते लावू देत नाहीत. २०२४मध्ये हिंगोलीकडं दोनदा धरणी हलली, तर टीव्हीवर बातमी ऐकून इकडं तात्या अंगणात.

"मोजे घालून फरशीवर पळता येतं का?" हा तात्यांचा सवाल. शहाबादी फरशी, लोकरीचा तळवा. माणूस दारापर्यंत पोचायच्या आधी कुल्यावर. ह्याला उत्तर नव्हतं. मामी गप्प बसली. दोन फेऱ्यांनंतर म्हणाली, "बघते काय करता येतंय."

ती गेली पंक्चरवाल्याकडं. ट्यूबला ठिगळ लावायचं सोल्युशन आणलं. अंगठावाले दोन मोजे पाटावर उलटे ताणून तळव्यावर काडीनं ठिपके दिले, रांगोळी काढावी तसे, ओळीनं मोजून. दोन दिवस वाळवले. घरभर सायकलच्या दुकानाचा वास सुटला, आजीनं नाकाला पदर लावून जेवण केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामीनं जोडी तात्यांच्या खाटेवर ठेवली. तात्यांनी तळव्यावरून बोट फिरवलं, ओढून बघितलं, काही बोलले नाहीत.

तो जानेवारी होता आणि मी तिथंच मुक्कामाला होतो. मध्यरात्रीनंतर कधीतरी धाडधाड आवाज झाला, दार भिंतीवर आदळलं, कुणीतरी अंगणात धावत गेलं. किल्लारीत एवढं झाल्यावर कुणी चौकशी करत बसत नाही. मामा लेकरू काखेत घेऊन बाहेर, आजी बाहेर, मी पांघरुणासकट बाहेर. आमचं बघून शेजारचे, त्यांचं बघून समोरचे. बघता बघता गल्ली भरली. म्हशी हंबरायला लागल्या. कुणी तरी म्हणालं, आवाज झाला व्हय, जमिनीतनं झाला. दुसऱ्यानं दिशासुद्धा सांगितली.

मधोमध तात्या, बॅटरी पायांवर धरून.

"काय झालं तात्या?"

"काय न्हाई. पळून बघितलं. न्हाई घसरत."

गल्लीत एक क्षण कुणाला काय बोलावं सुचेना. मग मामाला आठवलं, की एक माणूस कमी आहे. तो आत धावला. मामी चुलीपुढच्या दिव्याखाली बसलेली, हातात चार सुया.

"अगं, सगळं गाव बाहेर आलं, तू का न्हाई उठलीस?"

मामीनं ओठ हलवत सुई पुरी केली. लाल दोरा आल्यावर म्हणाली, "टाच वळवायले. मध्येच सोडली की टाके निसटतात."

मग ती बाहेर आली, तात्यांच्या हातातली बॅटरी घेतली आणि खाली वाकून बघितलं. अंगठ्याची दोन्ही खोपटी करंगळ्यांच्या बाजूला लोंबत होती.

"तात्या, उजवा डाव्यात घातलाव."

तात्यांनी पाय उचलून खात्री करून घेतली. "आस्सं? मग नीट घालून परत एकदा बघतो."

"नको!" सगळी गल्ली एका आवाजात ओरडली.