आमचं तसं काही नाही!

‘आमचं तसं काही नाही हो, पण...’ असं कुणी म्हणालं की पुढे जातीचंच निघणार, हे समजून खुर्ची ओढून घ्यावी. आमचे एक स्नेही निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचं व्याख्यान फुले-शाहू-आंबेडकरांपासून सुरू होतं आणि स्थळाची चौकशी आडनावापासून. चिरंजीव शिकागोत. जातीची अट अजिबात नाही, फक्त पोटजात तीच हवी. का? तर ‘खाण्यापिण्याचं जमायला हवं ना!’ चिरंजीव तिकडे काय काय खातात, हे मी विचारलं नाही.

वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म त्यांनी माझ्याकडून भरून घेतला. जात, पोटजात, शाखा, गोत्र, नाड, मंगळ, पॅकेज, फ्लॅट कुणाच्या नावावर, सगळ्याला रकाने. स्वभावाला अर्धी ओळ, तीही ‘अनुरूप’ असं लिहून भरायची. वर्तमानपत्रातली जाहिरात त्याहून गोड. ‘जातीची अट नाही’ ठळक अक्षरांत, आणि शेवटी बारीक टायपात ‘एससी, एसटी क्षमस्व’. इतक्या नम्रपणे शिवाशिव पाळणारा समाज जगात दुसरा नसावा.

जातीतल्या जातीत लग्नं लावूनच जात टिकते, हे बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडलं. आम्ही ते इतकं मनावर घेतलं की जातवार मेळावे भरवायला लागलो. 1919 साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय लग्नांना कायद्याचं बळ दिलं. त्यानंतर जवळपास शतकभराने, 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात, देशातली शंभरातली जेमतेम पाच लग्नं जातीबाहेरची निघाली. स्नेह्यांच्या मते तेवढीही मोबाइलमुळेच.

सरकारची मात्र हौस आहे. आंतरजातीय जोडप्यांसाठी 50 हजारांची योजना आहे, म्हणजे हॉलचं भाडं सुटेल कदाचित. पण विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर 30 दिवस आधी नोटीस कचेरीतल्या फळ्यावर लागते. गावाकडच्या मामा-काकांना एसटीने निवांत यायला तेवढे दिवस पुरतात.

मेळावा येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. उपवरांनी दोन फोटो, पत्रिका आणि पोटजातीच्या पुराव्यासह वेळेवर यावं. पुरोगामी विचार सोबत असल्यास चपलांजवळ ठेवावेत. हरवल्यास मंडळ जबाबदार नाही.