उंदराचा रिसेप्टर हाताळावा कसा: नवशिक्यांसाठी कोल्हापुरी मार्गदर्शिका

पात्रता: उमेदवाराने इम्युनॉलॉजीत पीएचडीला नाव नोंदवलेले असावे, गाईड परगावी असावेत आणि फ्रीजरची किल्ली हाताशी असावी. शिवाजी विद्यापीठ, डी. वाय. पाटील किंवा शहरातले कुठलेही कॉलेज चालेल. प्रथिनाला त्याचे सोयरसुतक नाही.

१. आधी वस्तू ओळखा.
१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधले. विषाणू शिरलेली पेशी ते बाहेर सोडते. शेजारच्या पेशींच्या अंगावरचे रिसेप्टर ते पकडतात आणि त्या पेशी आधीच कंबर कसून बसतात. अल्फा-बीटा इंटरफेरॉनसाठी इफनार-१ आणि इफनार-२ अशी जोडी लागते. गॅमाची जोडी वेगळी. तुमच्या व्हायलमध्ये येतो तो बहुधा रिसेप्टरचा पेशीबाहेरचा तुकडा. तो इंटरफेरॉनला धरतो, पण आतला भाग नसल्याने निरोप पुढे जात नाही. निरोप अडवणे हीच त्याची नोकरी.

२. पाहुण्यांची उत्तरे पाठ करा.
"उंदरं मारतासा व्हय?" हा प्रश्न प्रत्येक लग्नात येणार. शांतपणे सांगा: जनुक उंदराचे, पण प्रथिन बरेचदा प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत तयार होते. त्यांचे नाव हेक-२९३. यानंतर पाहुणे जेवणाकडे वळतात. न वळल्यास ग्लायकोसायलेशन समजावून सांगायला घ्या.

३. कॅटलॉग चष्मा लावून वाचा.
"माऊस", "रॅट" आणि "ह्यूमन" या ओळी एकाखाली एक असतात. माणसाचे गॅमा इंटरफेरॉन उंदराच्या पेशींवर चालत नाही, उंदराचे माणसाच्या पेशींवर नाही. मग शेपूट पाहा. हिस टॅग असेल तर ठीक. एफसी टॅग असेल तर मॅक्रोफेजवरचे एफसी रिसेप्टर त्याला परस्पर धरून ठेवू शकतात. म्हणून नुसता एफसी तुकडाही कंट्रोल म्हणून मागवा. "कंट्रोलला पैसे कशाला?" असे पर्चेस कमिटी विचारेल. तिला तीन कोटेशन दाखवा. तिचा तेवढ्यावर विश्वास आहे.

४. ऑर्डर देण्यापूर्वी पंचगंगा पाहा.
पावडर साध्या तापमानातही येऊ शकते, द्रवरूप माल मात्र बहुधा ड्राय आइसमध्ये येतो, आणि ड्राय आइस वाट पाहत नाही, उडून जातो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पाणी आले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. डेटाशीटमध्ये हे आकडे छापलेले नसतात. भिंतीवर स्वतः लिहून ठेवा. आणि पार्सल शुक्रवारी संध्याकाळी पोचेल अशी ऑर्डर कदापि देऊ नका.

५. व्हायल उघडा, पण लगेच नको.
आत ५० मायक्रोग्रॅम माल आहे, म्हणजे साखरेच्या एका दाण्याहूनही हलका. व्हायल रिकामी दिसते. "कंपनीने फसवले" अशी मेल पाठवू नका. पावडर झाकणाला चिकटलेली असते. आधी क्विक स्पिन द्या, मग झाकण काढा. डेटाशीट म्हणेल तेच द्रावण, म्हणेल तितकेच घाला. ५०० मायक्रोलिटर घातले तर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम झाले. हा हिशेब वहीत करा, हातावर नको. व्होर्टेक्सवर धरू नका, फेस आला की प्रथिनाची घडी मोडते. हळू फिरवा आणि थांबा. ताकद दाखवायची हौस असेल तर गंगावेश तालीम आहे.

६. लगेच वाटण्या करा.
५० मायक्रोलिटरच्या दहा अ‍ॅलिकॉट, प्रत्येकीत ५ मायक्रोग्रॅम. डेटाशीटने परवानगी दिली असेल तर ०.१ टक्का बीएसए घाला, नाहीतर इतके विरळ प्रथिन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसते. ट्यूबवर नाव, तारीख, लॉट नंबर लिहा. "नवीन" असे लिहू नका, पुढच्या वर्षीही ती नवीनच राहील. मग सगळ्या मायनस एटीत. वितळवणे-गोठवणे एकदाच. वीज गेली तर फ्रीजरचे दार उघडून "थंड आहे का" हे पाहू नका. पाहिल्यानेच ते कमी थंड होते.

७. प्रयोग करा.
पुण्याच्या एनसीसीएसमधून एल-९२९ या उंदराच्या पेशी मागवता येतात. नेहमीची चाचणी अशी: पेशींना इंटरफेरॉन द्यायचे, नंतर पेशी मारणारा ईएमसीव्ही विषाणू सोडायचा. इंटरफेरॉन मिळालेल्या पेशी वाचतात. आता तुमचा रिसेप्टर आधीच इंटरफेरॉनमध्ये मिसळला, तर तो ते धरून ठेवतो आणि पेशी मरतात. डोस वाढवाल तसे मरण वाढले, की पेढे वाटा. मात्र विषाणूला हात लावण्यापूर्वी जैवसुरक्षा समितीची सही घ्या. ती पेढ्यांवर मिळत नाही.

८. निकालावर संशय घ्या.
ई. कोलायमध्ये बनवलेल्या प्रथिनासोबत एंडोटॉक्सिन येऊ शकते, आणि ते दिसताच मॅक्रोफेज स्वतःच बीटा इंटरफेरॉन बनवू लागतात. मग तुम्ही मोजता ते रिसेप्टरचे काम की घाणीचे, कळत नाही. डेटाशीटवरचा एंडोटॉक्सिनचा आकडा पाहिल्याशिवाय शोधनिबंधाचे शीर्षक सुचू देऊ नका.

वारंवार विचारला जाणारा प्रश्न:

एवढे सगळे न वाचता थेट प्रयोग केला तर चालेल का?

चालेल. फक्त पुढचे इंडेंट भरताना "आधीच्या मालाचे काय झाले" या रकान्यात काय लिहायचे, ते आजच ठरवून ठेवा.