रविवारी एक पान शाकाहारी

मला स्वयंपाक येतो, असं माझं फार जुनं मत आहे. घरात या मताला दुजोरा कुणी देत नाही. पण खोडून काढण्याइतका वेळही कुणाला नसल्यामुळं ते टिकून आहे. त्यामुळं लेकीनं मटण सोडलं तेव्हा बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मी बाह्या सरसावल्या. रविवारचं अख्ख्या घराचं मटण आई आणि बायको बघतील, लेकीचं एक पान माझ्याकडं. चौथीतल्या एका पोरीचं जेवण, तेही बिनमटणाचं! त्याला वेळ तो किती लागणार?

आता धाराशिव जिल्ह्यात राहून मटण सोडणं म्हणजे काय, हे परगावच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं तुळजापूरची भवानी आहे, नळदुर्गचा किल्ला आहे, कुंथलगिरीचा पेढा आहे. पण जिल्ह्याचं नाव देशभरातल्या पशुवैद्यकीय पुस्तकांत कुणी नेलं असेल, तर ते शेळीनं. 2023 साली शहराचं आणि जिल्ह्याचंही नाव धाराशिव झालं. पाट्या रंगल्या, शिक्के बदलले. शेळीपर्यंत मात्र राजपत्र पोचलेलं नाही. ती अजून उस्मानाबादीच आहे आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नाही.

काय जनावर आहे हो! बहुतेक काळीभोर, कान लोंबते, एखादीच्या कानावर पांढरे ठिपके शिंपडलेले. पाऊस रुसला की आमचं सोयाबीन जातं, विहीर जाते, पुढाऱ्यांची भाषणं तेवढी राहतात. ही मात्र बाभळीच्या शेंगा खाऊन तग धरते. वर बऱ्याचदा जुळी देते. पोराची फी भरायची असली, म्हातारीला दवाखान्यात न्यायचं असलं, की बाजारात शेळीच उभी राहते. बँकेत कागद लागतात, जामीनदार लागतो, साहेब जागेवर असावा लागतो. शेळीला एक दावं लागतं. शिवाय बँक रात्रीत दोन करडं देत नाही. मी शेळीवर बोलायला लागलो की बायको स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवते, म्हणून आवरतो. एवढंच सांगतो, की असल्या जिल्ह्यात ‘मी मटण खात नाही’ म्हणणाऱ्या लेकराकडं लोक आधी काळजीनं बघतात आणि मग त्याच्या बापाकडं संशयानं.

झालं असं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरगी भूम तालुक्यात माझ्या भावाच्या शेतावर राहायला गेली. तिथं एका शेळीला जुळं झालेलं. त्यातलं एक अशक्त, म्हणून त्याला बाटलीनं दूध पाजायचं काम हिच्याकडं आलं. काळंकुळीत करडू, हिनं नाव ठेवलं जामुन. सुट्टी संपली, शाळा लागली, दिवाळीही होऊन गेली. एकदा फोनवर तिनं काकाला विचारलं, ‘‘जामुन काय करायलाय?’’ काका सरळ माणूस. म्हणाला, ‘‘बाजारला गेला की.’’ तिनं विचारलं, ‘‘परत कधी येणार?’’ तिकडं काकाला अचानक रेंज मिळेना.

रविवारी तिनं वाटी पुढं सरकवली. रडली नाही, भांडली नाही. ‘‘मला नको,’’ एवढंच म्हणाली. गुलाबजाम मात्र खाते, अजूनही. पाच-पाच खाते.

ती रडली असती तर समजूत घालता आली असती. न रडणाऱ्या लेकराचं काय करायचं हे आमच्या नातेवाइकांना माहीत नाही, म्हणून ते समजावत सुटतात. ‘‘नुसता रस्सा घे की, फोडी बाजूला काढ.’’ ‘‘नळी चोखल्याशिवाय हाडं कशी भरायची?’’ एका कंदुरीच्या पंगतीत तर एका पाहुण्यानं तिच्या भातावर मुद्दाम पळीभर रस्सा ओतला आणि ‘‘बघा, खाल्लं का नाही!’’ म्हणून चारचौघांत हसायला सुरुवात केली. तिनं खाल्लं नव्हतं. ताट घेऊन उठली होती. मी नेहमी कुठंही भाषण करायला तयार असतो. त्या दिवशी मला भाषण सुचलं नाही, माणूस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

असो. स्वयंपाकाकडं येतो.

मी पडलो प्राथमिक शिक्षक. एका लेकराचं जेवण किती, हे सरकारनं मला कधीच सांगून ठेवलंय. पाचवीपर्यंत 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. शाळेत या आकड्यांना पटसंख्येनं गुणायचं असतं, ते मला झोपेत जमतं. घरी एकानं गुणायचं. इथं गाडी अडते. वीस ग्रॅम डाळ कुकरच्या तळाला अशी चिकटते की शिट्टी व्हायच्या आत तिचा पापड होतो. पाच ग्रॅम तेलात मोहरी तडतडत नाही, लाजते. अर्धा कांदा चिरला की उरलेला अर्धा फ्रीजमध्ये जाऊन पुढचे चार दिवस दुधाला वास देतो. शेवटी आईनंच सांगितलं, ‘‘अरे, भाताच्या कुकरात वरच्या डब्यात वाटीभर डाळ ठेव. गुरुजी झालास, एवढं कळंना व्हय?’’

यावर आणखी दोन तोडगे आहेत, आणि दोन्ही मराठवाड्यानं आधीच काढून ठेवलेत. पहिला सुशीला. चुरमुरे पाण्यात घालून लगेच पिळायचे. कांदा, मिरची, शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे. वरून डाळव्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. टोपलीभर चुरमुरे भिजले की मूठभर होतात. एका लेकरासाठीच देवानं काढलेला पदार्थ. दुसरा येसर. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ भाजून गरम मसाल्यासकट दळलेलं हे पीठ डब्यात वर्षभर राहतं. दोन चमचे पाण्यात कालवायचे, लसणाच्या फोडणीत सोडायचे, उकळी येऊ द्यायची. वर अशी लाल तर्री येते की पंगतीत शेजारच्या वाटीतल्या रश्श्यानं जरा सरकून बसावं.

पहिल्या येसर आमटीचा फोटो मी स्टेटसला ठेवला. शिक्षकांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. ‘आदर्श पालक’ असंही एकानं लिहिलं. मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती मटणाचं पातेलं उतरवत होती. म्हणाली, ‘‘वाटीभर आमटीला आदर्श. दोन किलो मटणाला काय म्हणत्यात, विचारा बरं ग्रुपवर.’’

शाळेत खिचडी शिजली की आम्ही ती चाखून चव रजिस्टरमध्ये शेरा लिहितो. घरी मी लेकीकडून शेऱ्याची वाट बघत होतो. तिनं भाकरी कुस्करली, आमटी ओरपली आणि म्हणाली, ‘‘चव चांगली आहे.’’ अगदी रजिस्टरमधल्यासारखं. मग जरा थांबून, ‘‘मीठ टाका.’’

आई तेव्हा भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, ‘‘तुझी आजी असंच जेवायची.’’ माझी आजी माळकरी, तेरच्या गोरोबाकाकांची भक्त. घरात बोकड शिजायचं त्या दिवशी ती परसात तीन दगड मांडायची आणि आपल्यापुरती येसराची आमटी, एक भाकरी करायची. आम्ही पोरं हातात नळी घेऊन तिच्याभोवती फिरायचो. तिनं कधी आम्हाला खाऊ नका म्हटलं नाही आणि ती काय जेवली, हे आमच्यातल्या कुणी विचारलं नाही. फोटो तर लांबच. आयुष्यभर एका माणसाचा स्वयंपाक केला तिनं, आणि त्याला स्वयंपाक म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

आता मला एका पानाचं माप बऱ्यापैकी जमायला लागलंय, असं मी परवा जाहीर केलं. रविवारी धाकट्यानं ताट पुढं केलं, ‘‘मलापण दीदीची आमटी.’’ मटण त्यानं सोडलेलं नाही. त्याला दोन्ही पाहिजे, आणि आईनं येसराचा डबा उघडून बघितला, तर तळ दिसत होता.