फाईल चालत गेली

आमच्या बँकेच्या मुख्य कचेरीत मध्यंतरी 'प्रभावी व्यावसायिक लेखन' या विषयावर कार्यशाळा झाली. तिचं परिपत्रक असं: 'उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर कार्यशाळेस उपस्थित राहणेबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.' तारीख, वेळ, जागा यांचा पत्ता नाही. तो दुसऱ्या मेलमध्ये आला, 'जेंटल रिमाइंडर' म्हणून. आधी न सांगितलेल्या गोष्टीची आठवण!

व्याख्याते मात्र तयारीचे होते. इंग्रज सरकारच्या ट्रेझरीने अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहून घेतलं, ते 1948 साली निघालं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बघा, आपल्याला 'आय बेग टु रिमेन, सर' शिकवून साहेब बोटीत बसला आणि वर्ष उलटायच्या आत त्याने स्वतःसाठी सोपं लिहायचं पुस्तक काढलं. जाताना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

'वाक्य छोटं ठेवा, कर्ता लपवू नका,' व्याख्याते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण कचेरीत कर्ता लपवायचा नाही, तर लिहायचं कशाला? 'फाईल मी हरवली' असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. फाईल 'गहाळ होते', जणू कंटाळून स्वतःच्या पायांनी चालत गेली. चूक 'निदर्शनास येते', दिरंगाई 'झालेली दिसते'. मेल एकाला आणि 'माहितीस्तव' प्रत अकरा जणांना, म्हणजे उद्या प्रकरण शेकलं तर साक्षीदार तयार. लोकांना लिहिता येत नाही, हे मला पटत नाही. अंगाशी येणार नाही असं लिहिण्यात ते निष्णात आहेत.

आमच्या शिपाईमामांना ही चिंता नाही. लिफ्ट बिघडली तेव्हा त्यांनी स्केचपेनने लिहून दारावर चिकटवलं: 'लिफ्ट बंद. मिस्त्री गुरुवारी येणार. जिन्याने जा.' माणसं वाचायची आणि जिन्याकडे वळायची. दुपारी प्रशासन विभागाने तो कागद काढून 'तांत्रिक कारणास्तव उद्वाहन सेवा तात्पुरत्या स्वरूपात स्थगित ठेवण्यात आली असून...' असा टाईप केलेला कागद लावला. संध्याकाळपर्यंत लोक तो वाचत वाचत बटण दाबत होते.

पुढच्या कार्यशाळेला मामांना बोलवा, असा मेल मी केला. उत्तर आलं: 'आपली सूचना विचाराधीन आहे.' कोण विचार करतंय, ते अर्थातच लिहिलेलं नाही.