रविवारच्या रविवारी तांबट व्हा!

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून चक्कर मारलीत आणि मनात आलं, 'यात काय एवढं? ठोकायचंच तर आहे!' अभिनंदन. निम्मी पात्रता इथेच आली. उरलेली खालीलप्रमाणे कमवा.

१. आधी शेजारी बघून घ्या, हातोडी नंतर. तांबट पक्ष्याचं टुकटुक ऐकायला लोक कॅमेरे गळ्यात अडकवून टेकडी चढतात. तुमचं टुकटुक ऐकायला सोसायटीचे सेक्रेटरी आपणहून दारात येतील.

२. वाटीपासून सुरुवात करा. बंब-घंगाळाची स्वप्नं दुसऱ्या रविवारी.

३. लाकडाच्या ओंडक्यात खळगा कोरा, त्यावर तांब्याचा गोल पत्रा ठेवा आणि फिरवत फिरवत ठोका. ठोक्याला ठोका लागून पडला पाहिजे. एकाच जागी मन लावून ठोकलंत तर पत्रा तिथेच पातळ होऊन फाटेल. मग गाळणी करायला घेतली होती, असं सांगा. हातोडीचं तोंड मात्र आरशासारखं घासून ठेवा. त्यावर एक बारीक ओरखडा असला, तरी तो प्रत्येक ठोक्यासरशी वाटीवर उमटतो. कारागीर हातोडीला इतकं का जपतात, हे तेव्हा कळेल. उशिरा, पण कळेल.

४. थोड्या वेळाने पत्रा ऐकेनासा होईल. मार खाऊन खाऊन तांबं कडक होतं. जोर वाढवू नका, काठाला चीर जाईल. लालसर होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं बिचारं मऊच राहतं. वर आलेली काळी खपली काढा, पुन्हा ठोका. पुन्हा कडक, पुन्हा तापवा. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. स्वयंपाकघरातल्या मंडळींचा पारा त्याच्या फार आधी चढतो.

५. आता मठारकाम. वाटी लोखंडी मेखेवर पालथी घाला आणि एकसारख्या ठोक्यांच्या ओळी पाडा. याने पत्रा ताठ होतो, चमक येते. शोभा हा वरचा नफा. ओळी वाकड्या गेल्या? घाबरू नका. प्रदर्शनात याला 'रस्टिक' म्हणतात आणि दाम वाढवतात. तेही नको असेल, तर मशीनवर दाबून काढलेली वाटी आणा, चार ठोके मारा आणि 'हँडमेड'ची चिठ्ठी चिकटवा. हा मार्ग बराच रुळलेला आहे.

६. ताक-कोशिंबीर वाढणार असाल तर आतून कल्हई करून घ्या. पाहुणे परत यावेत असं वाटत असेल तर.

७. विक्री. गिऱ्हाईक वाटी हातात घेईल, वजनाचा अंदाज करेल आणि विचारेल, "किलोला काय भाव?" इथे खचू नका. दिवसभर ठोकूनही वाटी गुंजभर जड होत नाही. खपली गेल्यामुळे झाली तर हलकीच होते. आळीतल्या लोकांना याची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. शिवाय जन्मभराच्या ठणठणाटाने कान अधू झालेले, त्यामुळे घासाघीस त्यांना कमी ऐकू येते. केवढी सोय!

८. एवढं करूनही वाटी जमली नाही, तर सरळ आळीत जा आणि विकत घ्या. तांब्याचा भाव मोबाइलवर कळतो. तिथे मजुरी विचारा, आणि सांगतील ती द्या.