कोरडा अहवाल

वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी निधी जमवायचा, तोही बिनछपराच्या मैदानात, हा निर्णय आमच्या कार्यवाहांचा. सभागृहाचं भाडं ऐकून तो कोणीच खोडला नाही. तिकीट लावून कोजागरी, मसाला दूध, भेळ आणि भावगीतं.

असे एक गृहस्थ पुण्याच्या बहुतेक मंडळांत असतात. बँकेतून निवृत्त, स्वभावानं गरीब. पण कूपनं छापून आली की त्यांच्या अंगात वेधशाळा संचारते.

त्यांचं दुखणं खरं आहे. कोजागरीची तारीख चंद्र ठरवतो. पाऊस मात्र पुण्यातून निघतो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यातही दुपारी तापवून, संध्याकाळी गडगडाट करून. म्हणून अधिक महिन्याच्या वर्षी कार्यवाह खुशीत असतात, कारण पौर्णिमा पुढे सरकते. 2023 साली ती थेट 28 ऑक्टोबरला आली. पाऊस केव्हाच गेलेला, तर नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण! निम्मे देणगीदार वेध पाळत घरी बसले.

कार्यवाह सल्ला सगळ्यांचा घेतात. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघतात. म्हैस किंवा बेडूक निघाला की चेहरा उतरतो. फोनमध्ये तीन अ‍ॅप आहेत, शिवाय इस्त्रीवाल्याचा गुडघा. यांतलं जे ‘उघडीप’ म्हणेल, ते त्या दिवसापुरतं शास्त्रीय. (गुडघ्याचा अंदाज सर्वांत कमी चुकतो, असं माझं मत, पण मला कोणी विचारलेलं नाही.)

यंदा हवामान खात्यानं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलं.

“तुरळक म्हणजे फार तर पाव केंद्रांवर,” कार्यवाह म्हणाले. “आपण उरलेल्या पाऊणात.”

मांडववाला अनुभवी होता. “साहेब, ताडपत्री टाकू ना?”

“टाकलीत तर चंद्र कसा दिसणार?”

“आणि पाऊस आला तर?”

कार्यवाहांनी विचार केला. “अर्धी टाका.”

तेव्हा अर्ध्या मैदानावर ताडपत्री, अर्ध्यावर आकाश. खुर्च्या ताडपत्रीखाली गेल्या. दुधाचं पातेलं मात्र उघड्यावर, कारण दुधात चांदणं पडायला हवं यावर कार्यवाह ठाम होते. साडेआठला गायिकेनं सूर लावला आणि सर आली. पंधरा मिनिटं पडली, थांबली. लोकांनी दूध प्यायलं. दुसरा पेला फारसा कोणी मागितला नाही.

पुढच्या बैठकीत कार्यवाहांनी अहवाल वाचला. “चोवीस तासांत अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला, तर हवामान खातं तो पावसाचा दिवस धरत नाही. त्या दिवशीची नोंद दोनच्याही आत आहे. सबब, कार्यक्रम कोरड्या दिवशी निर्विघ्न पार पडला.”

खजिनदार बाईंनी चष्मा काढून पुसला.

“बरं. मग दुधात पाणी कोणी घातलं, तेवढं इतिवृत्तात नावानिशी येऊ द्या.”